बेंबीखालची बधिर जागा

आधीच सांगते, मी अमावास्येला स्कूटर घरी आणलेली बाई आहे. लिंबू-मिरची बांधू दिली नाही म्हणून शोरूमवाला नाराज झाला होता. पेठ वडगावला शाळेत गणित शिकवते, राहायला कळंब्याला. स्टाफरूममध्ये कुणी करणी, बाहेरचं, असलं काही काढलं की मी सरळ वह्या तपासायला घेते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

मी टमी टक करून घेतलं. म्हणजे पोटाची लोंबणारी कातडी कापून टाकायची, आतले सैल पडलेले स्नायू शिवून घट्ट करायचे, वरची कातडी खाली ओढून तिला बेंबीपुरतं नवीन छिद्र पाडायचं. ऐकायला ब्लाउज अल्टर केल्यासारखं वाटतं ना? तसं अजिबात नाही. चांगलं मोठं ऑपरेशन आहे.

का केलं? मला एक मुलगा आहे, पुण्यात शिकतो. त्याच्यानंतर एक मुलगी होती. आठव्या महिन्यात पोटातच गेली. रक्त थांबेना म्हणून त्याच वेळी माझी गर्भपिशवीही काढावी लागली. पोरगी गेली, पिशवी गेली, पोट मात्र तसंच राहिलं! एसटीत लोक उठून जागा द्यायचे — "बसा ताई, अशा अवस्थेत उभं राहू नका." लग्नात एखादी म्हातारी हमखास विचारायची, "कितवा लागला गं?" हसून वेळ मारून न्यायची आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसायचं. किती वर्षं? शेवटी म्हटलं, बास झालं.

नवऱ्याला सगळं माहीत होतं. सासूबाईंना — आम्ही त्यांना आत्ती म्हणतो — हर्निया म्हणून सांगितलं. पोट बारीक करायला कुणी चांगलं पोट फाडून घेतं हे आत्तींना पटवणं माझ्या बापाच्यानं झालं नसतं.

डॉक्टर बाई स्पष्ट बोलणाऱ्या. "दोन्ही बाजूंना नळ्या असतील, रक्तपाणी येत राहील. पट्टा रात्रंदिवस. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचं. सुरुवातीला कमरेत वाकून चालाल, पण चालायचं! पडून राहिलात तर पायात रक्ताची गुठळी होते, ती फुफ्फुसात गेली की खेळ खलास. आणि बेंबीखाली काही महिने बधिर राहील. चिमटा काढला तरी कळणार नाही."

काढलेल्या कातडीचं काय करता, असं मी नर्सला विचारलं. "पिवळ्या पिशवीत जाते मॅडम. जाळतात नंतर." पोरीच्या वेळच्या ताणाच्या खुणा त्याच कातडीवर होत्या. तिचं दुसरं काहीच माझ्याकडे नव्हतं, एक फोटोसुद्धा नाही. हे मला सुचलं ते ऑपरेशन झाल्यावर.

घरी आले आणि आत्तींनी ताबा घेतला. आमच्याकडे बाईच्या पोटाला टाके पडले की ती बाळंतीणच! खिडक्या बंद, डोक्याला फडकं, अळिवाची खीर, लघवीचं भांडंसुद्धा खाटेवर. पाय खाली टेकवायचा नाही.

"आत्ती, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"त्यांचं काय जातंय सांगायला? माझ्या भावाचं हर्नियाचं टाकं चालूनच उसवलं. हातभर आतडं बाहेर आलतं! गप पड की!"

हर्नियाचं मीच सांगितलेलं, आता बोलणार काय? शिवाय उठलं की टाके असे ओढायचे की डोळ्यांत पाणी यायचं. पडून राहणं मलाही बरंच वाटत होतं. हे कामावरून आले की विचारायचे, "चाललीस का आज?" मी तोंड उघडायच्या आत आत्ती सांगायच्या, "व्हय, चालली की!"

एका दुपारी आत्ती माझ्या पायथ्याशी शेंगा सोलत बसल्या होत्या. मी घाम पुसायला पट्टा सैल केला होता. आणि बेंबीखाली डावीकडे आतून एक लाथ बसली.

गॅस नव्हता हो! दोन बाळंतपणं काढलेल्या बाईला गॅस आणि लाथ यांतला फरक सांगायला लागत नाही. मी हात ठेवला. पोटाला माझा हात कळत नव्हता, पण हाताला लाथ कळत होती. धीर करून उठून बसले तर थांबलं. आडवी झाले तर पुन्हा सुरू... आणि आता रागारागानं.

"आत्ती, इथं हात ठेवा जरा."

आत्तींनी पदराला हात पुसला आणि ठेवला. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"अगं बाई... पोर हाय की ह्यात! पण तुझी तर पिशवी काढलीया!"

तेवढ्यात अशी लाथ बसली की मी कळवळून पाय खाली सोडले आणि उभी राहिले. आत्तींनी अडवलं नाही. डाव्या पायावर भार पडला आणि मी किंचाळले. गाऊन वर करून बघितलं तर पोटरी सुजून टम्म, हाताला गरम. इतके दिवस पांघरुणाखाली ती कुणी पाहिलीच नव्हती. आत्ती अनवाणी पळत गेल्या आणि शेजारच्या रिक्षावाल्याला घेऊन आल्या.

गुठळी पार मांडीपर्यंत गेली होती. डॉक्टर बाई आत्तींवर नाही, माझ्यावर ओरडल्या. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली, त्यानं टाक्यांतून रक्त यायला लागलं, एक बाजू उसवून पुन्हा शिवली. फार हाल झाले. पण जगले.

इंजेक्शन सुरू झालं त्या संध्याकाळी पोटातली ती एकदा हलली. हळूच, कूस बदलल्यासारखी. मग नाहीच. ते थांबणं मी ओळखते. मी इतकी रडले की डॉक्टरांनी माझ्या समाधानासाठी पोटाची सोनोग्राफी केली. "आत काही नाही मॅडम. कातडीखाली थोडं पाणी साठलंय, ते हलल्यासारखं वाटतं. नसा कापल्यात, त्या कसलेही संदेश देतात."

असेल. पण नसा माझ्या कापल्या होत्या, आत्तींच्या हाताच्या नाही! आत्तींना विचारलं तर "मला काय म्हाईत न्हाई" म्हणून उठून जातात. ऑपरेशन कशाचं होतं ते मी नंतर त्यांना सांगून टाकलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन रडत बसल्या.

आता ती जागा हळूहळू जागी झाली आहे. निऱ्यांचा काच कळतो, गार पाणी कळतं. डॉक्टर खूश आहेत. मी मात्र दुपारी दार लावून आडवी होते, हात ठेवते आणि वाट बघते. काही होत नाही. हे काय होतं ते मला आजही माहीत नाही. कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा... फक्त ते पाणी होतं, एवढं मला सांगू नका.