काकांनी दुकान हलवलं

माझ्या मावशीच्या यजमानांइतका फ्रँचायझी चालवायला नालायक माणूस उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात शोधून सापडणार नाही. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका बर्गर कंपनीची शाखा घेतली आणि पहिल्या दिवसापासून ती घरच्या कार्यासारखी चालवली. कोणी तीन बर्गर मागितले की, "आधी दोन खा, लागलं तर तिसरा आहेच," म्हणायचे. कोणी अर्धवट टाकून उठलं की तब्येतीची चौकशी करायचे. पोरं एकटी आली तर आईला सांगून आलात का, हे विचारल्याशिवाय बिल फाडत नसत. समोरचा सिंधी कापडवाला एकदा कंटाळून म्हणाला, "साईं, ये होटल है या ससुराल?" काकांना ती स्तुती वाटली. त्यांनी त्याला सरबत पाजलं.

अशा माणसाने चालतं दुकान उचलून बदलापूर गावात, स्वतःच्या घराशेजारी न्यायचं ठरवलं. कारण साधं होतं. मावशी विसरू लागली होती. गॅसवर दूध ठेवून देवळात निघून जायची, आणि काका दिवसभर कॅम्पात. पण हे कारण कंपनीला सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. तिथे ते 'ग्रोथ' म्हणायचे. कंपनीनेही ग्रोथची किंमत लावली. स्थलांतराची फी वेगळी, पाटी नवी, खुर्च्या नव्या आणि त्याही कंपनीच्याच सुताराकडून. "मुलीच्या सासरच्यांनी इतकं मागितलं नव्हतं," असं म्हणत काकांनी बँकेतली ठेव मोडली. उरली मंजुरी. त्यासाठी कंपनीचा एरिया मॅनेजर येऊन, नव्या जागेसमोरून तासाभरात किती माणसं जातात ते मोजणार होता.

काकांनी भावकीला निरोप धाडला: दुकानासमोरून नुसतं जायचं, बाकी काही करायचं नाही. सगळी भावकी लग्नाचे कपडे घालून हजर झाली. पण आमच्या गावात माणूस माणसासमोरून नुसता जातोय कुठे? पहिला थांबला, दुसऱ्याने "कवा आलास?" म्हणून विचारलं, तिसऱ्याने जमिनीच्या भावाचा विषय काढला. तासाभरात रस्ता तुडुंब भरला आणि पुढे कोणीच सरकलं नाही. मॅनेजर घाम पुसत म्हणाला, "काका, इथून कोणी जातच नाही हो. मंजुरी अवघड आहे."

काकांचा चेहरा पडला. तरी रीत म्हणून त्यांनी त्याला घरात नेलं. मावशीने पोहे दिले. बशी रिकामी झाली, मावशी ती घेऊन आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "अगोबाई, तुम्हाला अजून काहीच दिलं नाही मी." पुन्हा पोहे आले. मग तिसऱ्यांदाही आले. मॅनेजरने काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते. त्या भल्या माणसाने तिसरी बशीही मुकाट्याने संपवली आणि मावशी आत गेल्यावर हळूच विचारलं, "काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

महिन्याभरात मंजुरी आली. धंदा कॅम्पातल्यापेक्षा कमीच आहे, कारण ऐन गर्दीच्या वेळी, दुपारी, काका गल्ला बंद करून घरी जेवायला जातात. हल्ली मावशी त्यांनाही रोज ओळखतेच असं नाही. मागे मी गेलो होतो तेव्हा काका उंबऱ्यात उभे होते.

"आपण कुठले?" मावशीने अदबीने विचारलं.

"इथलाच. शेजारी दुकान आहे माझं."

"मग आता जेवूनच जा," म्हणत तिने पाट मांडला.

काका चपला काढून, पाहुण्याच्या संकोचाने, हात धुवायला गेले.