रडत सांगितलेला न्याय

स्नेहल, माझी एकुलती लेक, पहिलीत असताना तिला मेंदूज्वर झाला. कोल्हापूरच्या दवाखान्यातून ती जिवंत घरी आली, पण दोन्ही कान गमावून. यजमान नोकरीसाठी बाहेरगावी होते. त्या दिवसांत माझ्याजवळ बसल्या त्या शेजारच्या आक्का. त्या लिंगायत, आम्ही ख्रिस्ती. पण भाजीची वाटी इकडून तिकडे गेली नाही असा दिवस नसायचा. पोर बेशुद्ध असताना त्यांनी मठातून आणलेला काळा दोरा तिच्या मनगटाला बांधला. मी पाहिलं, नको म्हटलं नाही. त्या घडीला कुणी काहीही बांधलं असतं, तरी मी नको म्हटलं नसतं.

घरी प्रार्थनेला आलेल्या, चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना तो दोरा दिसला. त्यांनी बायबलातली संदेष्ट्यांची वचनं काढून वाचली. इस्राएलानं देवाला सोडून परक्या दैवतांपुढे गुडघे टेकले, म्हणून यरुशलेम जळालं, लोक बंदिवासात गेले. मग शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही देवाचं ऐकलं नाही. म्हणून लेकीचं ऐकणं गेलं."

ते गेल्यावर मी दोरा कापून टाकला. दुसऱ्या दिवशी आक्का भाकरी घेऊन आल्या, तेव्हा दार उघडलं नाही. पुढं वर्षभर मी तीच पानं वाचत राहिले, आणि त्यातला प्रत्येक शाप मला माझ्या नावाचा वाटला. स्नेहल पाठमोरी खेळत असली की मी वेड्यासारखी हाक मारायचे. ती वळायची नाही. शेवटी प्रार्थनाही सुटली. निकाल लागलेल्या माणसानं मागायचं तरी काय?

चर्चला मात्र सवयीनं जात होते. एका रविवारी तिथं आमच्या पाळकांच्या जागी शिरोळकडचे एक म्हातारे पाळक आले. यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडचा यरुशलेमच्या नाशाचा भाग वाचता वाचता ते थांबले, चष्मा काढला. "माफ करा," म्हणाले, "हे मला मोठ्यानं वाचवत नाही. ज्यानं हे सांगितलं, तो रडत सांगत होता. आणि नगर जळालं तेव्हा तो त्याच लोकांत होता."

वर्षभर वाचूनही मला फक्त आग दिसली होती. उपासना संपल्यावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. दोरा पाप होता की नव्हता, यात ते शिरलेच नाहीत. एवढंच विचारलं, "त्या आक्का आता कशा आहेत?"

मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी स्नेहलला घेऊन मी आक्कांच्या दारात गेले. त्या पार वाळल्या होत्या. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि उंबऱ्यातच बसल्या. "माझ्याच हातात काय तरी पाप हाय, म्हणून पोरीचं कान गेलं, असं वाटायचं बघ. वर्सभर म्हादेवाला त्येच इचारत हुतो. तू दार बी उघडलं न्हाईस, मग खात्रीच झाली की माझी."

मीही त्यांच्याशेजारी उंबऱ्यात टेकले. मधे एक भिंत, आणि दोन्हीकडं एकेक गुन्हेगार बाई बसलेली. स्नेहलला यातलं काही ऐकू आलं नाही. ती सरळ आत जाऊन फडताळातला चिवड्याचा डबा घेऊन आली.

तिचे कान परत आले नाहीत. तो देवाचा न्याय होता का, हे मला आजही ठाऊक नाही. तो प्रश्न अजूनही कधी कधी छातीवर बसतो. मी तो त्याच्यावरच सोपवलाय. ते अनोळखी पाळक तेव्हा वाचता वाचता थांबले, याबद्दल मात्र मी रोज आभार मानते. न्याय करणाऱ्याच्या डोळ्यांतही पाणी असतं, एवढंच मला कळलं. तेवढ्यावर मी पुन्हा गुडघे टेकू शकले.