जाफरभाईंचा एक तास

माझे थोरले दीर जाफरभाई कतारला, दोह्यात, मुशैरिब भागातल्या एका कापडाच्या दुकानात कारकून होते. इथे आल्यापासून धर्म आपल्यालाच नीट कळतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. चिपळूणच्या नातेवाइकांना ते कळवत, लग्नात वाजवणं बंद करा, अरबस्तानात असले प्रकार चालत नाहीत. इथल्या एकाही लग्नाला आपण गेलो नाही, हे मात्र कधी कळवत नसत.

१९६६ साली त्यांच्या लेकीचं, अनीसाचं लग्न दोह्यातच ठरलं. नवरा फजल, बहरीनला नोकरीला. माझ्या जाऊबाई रुकैयाभाभींनी माहेरची काशाची थाळी ट्रंकेतून काढली आणि चिंच लावून घासली. आमच्याकडे मुलगी निघताना आईने ही थाळी उपडी धरून लाकडी पळीने वाजवायची असते. वाजतेय तोवर मुलगी माहेरची; थांबली की तिने उंबरा ओलांडायचा. भाभींसाठी त्यांच्या आईने वाजवली होती. जाफरभाई म्हणाले, थाळी जेवायला असते. भाभी भरल्या ताटावरून उठल्या. मला असा संताप आला, पण पडले थोरले दीर, बोलायचं कसं?

घरमालकीण उम्म राशिद शेजारीच राहायची. लग्नाचा बेत काय, म्हणून तिने चौकशी केली. जाफरभाईंची अरबी म्हणजे घशातून काढलेली मराठी, अडेल तिथे उर्दू. आम्हाला थाटमाट नको, तासाभरात उरकायचंय, हे सांगायला त्यांनी एक बोट वर केलं आणि ठणकावलं, "तास वाहिद. खलास."

आता अरबीत वाहिद म्हणजे एक खरं, पण तास म्हणजे धातूचं वाडगं. इथल्या बायका लग्नात तेच वाजवतात. या बिचाऱ्यांकडे वाजवायला एकच तास आहे, एवढंच तिला कळलं आणि फार वाईट वाटलं.

निकाह झाला न झाला तोच ती दारात हजर. मागे काळ्या बुरख्यांची रांग, कुणाच्या हातात तास, कुणाच्या हातात डफ. घरमालकिणीला, तीही खुद्द अरब, धर्म शिकवायची जाफरभाईंची छाती झाली नाही. शुक्रन म्हणाले आणि बाहेर पुरुषांत जाऊन बसले. आत बायकांनी ठेका धरला तशी भिंतीवरची तसबीर हलायला लागली. भाभी आधी लाजल्या, मग थाळी घेऊन मधोमध बसल्या. मी खिडकीशी जाऊन मुद्दाम मोठ्याने हसले, बाहेर ऐकू जावं म्हणून.

मग गाडी आली. बहरीनच्या बोटीची वेळ झाली होती. बायका एकेक करून थांबल्या. भाभींची थाळी तेवढी वाजत होती, तीही हळू होत चालली. अनीसा उंबऱ्याशी उभी. जाफरभाई दाराशी आले. आता हे ओरडणार, असं मला वाटलं. ते लेकीकडे बघत राहिले आणि भाभींना म्हणाले, "थांबू नको गो. वाजव अजून."