रडक्या खाचराची गोष्ट

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. ऐकून तुम्ही म्हणाल – एवढंच? म्हणा.

हिंजवडीजवळच्या चांद्यात आमची भाताची खाचरं होती. प्रत्येकाला नाव – लांबोडं, चिंचेखालचं, मोराचं, रडकं. जमीन विकायचं ठरलं तेव्हा मीच घरात म्हणालो, नावं तरी लिहून ठेवू. हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारा मी. माझ्याशिवाय कोण लिहिणार? आणि नावामागची हकिगत माहीत होती फक्त काकीला – माझ्या थोरल्या चुलत्याच्या बायकोला. ऐंशीच्या घरात होती ती.

सहा-सात रविवार आम्ही पडवीत बसलो. ती वालाच्या शेंगा सोलायची, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन टाइप करायचो. काय रविवार होते ते! एक नाव निघालं की तिचा हात थांबायचा, आणि मग तिच्या जावा, आवणीची म्हणजे भातलावणीची गाणी, चिखलात रुतलेला रेडा – सगळं ओळीनं यायचं. माझी फाइल साधी होती. एका ओळीत एक खाचर: नाव, दिशा, कुणाच्या वाट्याचं, आणि शेवटी नाव का पडलं ते. मधे स्वल्पविराम. काकी दम घ्यायला थांबली की तिच्या बोलण्यातही मी स्वल्पविराम टाकायचो.

गावाच्या पुस्तिकेत हे छापायचं होतं. छपाईवाल्याला स्वल्पविरामाऐवजी टॅबनं तोडलेली फाइल हवी होती. माझ्यासाठी पाच मिनिटांचं काम. छोटा प्रोग्राम लिहिला, चारच रकाने घे म्हणून सांगितलं, आणि जुन्याच नावानं, मूळ फाइलवरच, सेव्ह केली. प्रोग्रामनं काकीच्या बोलण्यातला प्रत्येक स्वल्पविराम म्हणजे नवा रकाना धरला – आणि चौथ्याच्या पुढचं सगळं कापून टाकलं. प्रत्येक गोष्टीचे सुरुवातीचे चार शब्द तेवढे उरले. दुसरी प्रत नव्हती.

पुन्हा विचारता आलं नसतं? आलं असतं. तिचं घर आमच्या घराला लागूनच. पण मग सांगावं लागलं असतं, की रोज हेच काम करणाऱ्या माणसानं... लाज वाटली. मी उरलेलं मनानं भरलं. रडक्यापुढं ‘लोक म्हणतात पाणी झिरपायचं’ एवढंच राहिलं होतं. मी लिहिलं – बांधातून बारमाही पाणी झिरपे, म्हणून रडकं.

इथवर चूकच होती. सांगायचं आहे ते अजून पुढंच आहे.

पुस्तिका आली, देवळात सगळ्यांसमोर मी वाचली. काकी पुढंच बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. रडकं आलं तशी ती म्हणाली, "आरं सुन्या, त्ये लोकं म्हनत्यात. माज्या सासूचं म्हायेर धरनाच्या पान्यात गेल्यालं. आवनी करताना ती तितं हुबी ऱ्हायाची, मावळतीकडं त्वांड करून रडायची. म्हनून रडकं."

ती बोलत असतानाच मला आठवलं. शब्द न् शब्द – मीच तर टाइप केलं होतं! सगळे माझ्याकडं बघत होते. मी हसलो. म्हणालो, "काकी, विसरलीस तू. पाण्याचं तूच सांगितलंस. माझ्याकडं लिहिलेलं आहे."

लोकही हसले, प्रेमानंच. तिनं माझ्या हातातल्या पुस्तिकेकडं पाहिलं. मग म्हणाली, "लिवल्यालं हाय व्हय? मंग आसंल बाबा. डोस्कंच ऱ्हायलं न्हाई आता."

तिचं डोकं शाबूत होतं. हे त्या देवळात मला एकट्याला माहीत होतं.

त्यानंतर तिनं सांगणं सोडलं. कुणी काही विचारलं तर म्हणायची, "मला काय इचारता, सुन्याला इचारा."

जेसीबी यायच्या आधी तिला एकदा शेत बघायचं होतं. ऐन वैशाखात मी तिला घेऊन गेलो. रडक्याच्या बांधावर ती थांबली. खाली जमीन कोरडी ठणठणीत, भेगा पडलेल्या. बराच वेळ ती मावळतीकडं बघत राहिली. मग मला विचारलं, "ह्याला रडकं का म्हनायचं रं?"

आम्ही दोघंच होतो. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

मी पाण्याचं सांगितलं. तिनं मान हलवली, आणि तेच स्वतःशी एकदा पुटपुटली – पाठ करावं तसं.