आबदारखान्याचा पंचनामा

ती केस आठवली की या वयातही माझी छाती दोन इंच फुगते. गंमत अशी, की त्या केसमधली सगळ्यात मोठी चूक माझीच होती. म्हणून आधी चूक सांगतो.

पोलीस ॲक्शन होऊन हैदराबाद संस्थान नुकतेच भारतात आले होते. सलाम बदलले होते, टोप्या बदलल्या होत्या, पण दप्तर अजून उर्दूतच चालायचे आणि फौजदाराला लोक जुन्या सवयीने ‘अमीनसाब’च म्हणायचे. मी पंचविशीतला अमीन. घर नल्लकुंट्याला. वडील कोर्टातून पेशकार म्हणून निवृत्त झालेले, आई कडक सोवळ्याची.

एक मोठे जागीरदार सगळा पसारा टाकून परदेशी निघून गेले होते. त्यांच्या हवेलीतल्या सामानाची यादी करून खोल्यांना मोहोर लावायचे काम माझ्याकडे आले. तीन दिवस गालिचे, झुंबरे, तलवारी मी एकेक हातात घेऊन लिहिल्या. शेवटी आबदारखाना उरला. म्हणजे सरबते आणि मद्य ठेवायचे तळघर. मी पायऱ्यांपाशीच थांबलो. कारण लपवत नाही. दारूच्या खोलीत जायचे, कपड्यांना वास लागायचा आणि आई डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, एवढेच. हवेलीच्या कारभाऱ्याने माझी अडचण बरोबर ओळखली. शिकलेला, गोड बोलणारा माणूस. म्हणाला, साहेब, आपण वरच बसा, मी सांगतो ते लिहा. खुर्ची आली, खसचे सरबत आले. त्याने कचेरीतल्या एका जुन्या कागदावरून वाचले आणि मी लिहिले: मोंराशेची फ्रेंच पांढरी वाइन, दोन डझन बाटल्या, लेबलांसह, सुस्थितीत. पंचही माझ्यासारखेच सोवळे निघाले, त्यांनी वरच उभे राहून सह्या केल्या. मीही खाली झोकदार सही ठोकली. तळघराची किल्ली ते सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या आबदाराकडे राहिली, मोहोर कारभाऱ्याच्या कचेरीत.

काही महिन्यांनी सरकारी मेहमानखान्यात परदेशी पाहुण्यांना मोठे जेवण होते. त्यासाठी त्या दोन डझन बाटल्या हवेलीतून मागवल्या. वाढायला त्याच आबदाराला बोलावले. त्याने टेबलावरची पहिली बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली आणि सगळ्यांच्या देखत सांगितले, की या माझ्या बाटल्या नव्हेत, मी या वाढणार नाही. एकच गडबड उडाली. कोणीतरी बाटली उघडून पाहुण्यांना दिली. एका पाहुण्याने एक घोट घेतला आणि पेला हळूच बाजूला सरकवला. आत कुठलीशी गोडसर, स्वस्तातली वाइन होती. नव्या सरकारची पार शोभा झाली.

दुसऱ्या दिवशी फिर्याद माझ्या ठाण्यात. कारभाऱ्याचे म्हणणे सरळ होते: किल्ली म्हाताऱ्याकडे, त्याने माल प्यायला किंवा विकला, आता उघडे पडणार म्हणून स्वतःच बोंब मारली. आबदाराच्या खोलीची झडती घेतली तेव्हा ट्रंकेत मूठमूठभर बुचे निघाली. प्रत्येकावर मोंराशेचे नाव डागलेले. आमच्या हवालदाराला आनंद झाला. झाली केस, म्हणाला. मी म्हाताऱ्याला अटक केली.

सत्तरीचा माणूस. चाळीस वर्षे त्या एका तळघराची नोकरी. कोठडीत आणले तेव्हा त्याने शेरवानीची बटणे गळ्यापर्यंत लावून घेतली आणि भिंतीला न टेकता बसला. शिक्षा झाली असती तर तो तुरुंगातच मेला असता, आणि चोर म्हणून मेला असता. त्याला दुसऱ्याच गोष्टीचा जास्त राग होता. आपण प्यायलो, असे लोक म्हणतात याचा. आयुष्यात त्याने एक थेंब जिभेला लावला नव्हता. पाच वेळा नमाज पढणारा माणूस तो.

हवालदार म्हणत होता, दोन तास माझ्या ताब्यात द्या. मी नाही म्हणालो. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवे ते बोलतो, खरे बोलेलच असे नाही. हे मला त्या वयातही कळत होते, त्याचा मला अभिमान आहे. मी त्याच्यासाठी चहा मागवला आणि म्हटले, ती वाइन एवढी काय मोठी, ते तरी सांगा.

म्हातारा खुलला. त्याच्या ऐन तरुणपणी हवेलीत एक फ्रेंच खानसामा होता, त्याने याला हे सगळे शिकवलेले. मोंराशे हा एका टेकडीच्या उतारावरचा दगडी कुंपणाचा मळा. तुमच्या नल्लकुंट्याच्या चार गल्ल्या धरा, एवढाच. वर खडक, खाली चिकण माती आणि मधल्या तेवढ्या पट्टीत ती द्राक्षे. कुंपणापलीकडच्या शेतात तीच वेल लावली तरी ती चव येत नाही. जगभरचे राजेरजवाडे तिच्यासाठी वर्षवर्ष वाट पाहतात. बाटली आडवी ठेवायची, बूच ओले राहिले पाहिजे. बर्फात कधी बुडवायची नाही, ओल्या मलमलीत गुंडाळायची. दहा वर्षांनी रंग सोन्यावर जातो आणि वास लोणी, मध आणि भाजलेल्या बदामाचा येतो. बुचांचेही त्याने सांगितले. रिवाज असा, की बाटली उघडली की बूच यजमानापुढे ठेवायचे आणि जेवण उठले की ते आबदाराचे. ट्रंकेतली बुचे ही त्याच्या चाळीस वर्षांच्या चाकरीची पदके होती.

मग तो थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “अमीनसाब, मेरे बोतलां पे कागज होताच नईं था.”

हैदराबादच्या तळघरात कसर होते. लेबलाची खळ खाते आणि कागदाचा चुरा करते. वीस वर्षांपूर्वीच त्याने सगळी लेबले धुऊन काढली होती. आडव्या बाटलीच्या वरच्या अंगाला तो चुन्याचा एक पट्टा ओढायचा. बाटली कुठेही हलवली तरी तोच पट्टा वर ठेवायचा, म्हणजे तळाचा गाळ ढवळत नाही. मेहमानखान्यात आलेल्या बाटल्यांवर मात्र कोरी करकरीत लेबले होती.

मी कपाटातून पंचनामा काढला. पंचनाम्यात ‘लेबलांसह’ लिहिले होते. अक्षर माझे, सही माझी. हा म्हातारा खोटा ठरत होता तो माझ्या कागदामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील पूजा आटोपून बसले होते. मी त्यांना सगळे सांगितले. मला वाटले होते ते कायद्याचे एखादे कलम काढतील. त्यांनी एवढेच विचारले, “तू खाली उतरला होतास का?” मी नाही म्हणालो. मी न जेवता बाहेर पडलो आणि थेट त्या तळघरात उतरलो.

जमिनीवर वाळूचे थर, त्यात बाटल्यांच्या आडव्या खाचा. कोपऱ्यात चुन्याची वाटी, तिच्यात वाळून कडक झालेला कुंचला. गळक्या बाटल्या पलीकडच्या कोनाड्यात टाकतो, असे आबदाराने सांगितले होते. कोनाड्यात एक अर्धी भरलेली बाटली सापडली. लेबल नाही, वर चुन्याचा पट्टा, बुचावर मोंराशेचे नाव. नवे पंच बोलावून मी ती जप्त केली. त्या पंचांना मी एकेक करून खाली उतरवले.

त्याच दुपारी बेगम बाजारातून खबर आली. तिथला जुन्या बाटल्यांचा एक व्यापारी माझा खबऱ्या होता. मागच्याच महिन्यात एक सभ्य गृहस्थ टांग्यातून येऊन एकाच लेबलाच्या परदेशी वाइनच्या दोन डझन रिकाम्या बाटल्या घेऊन गेला, म्हणाला. एका बड्या हॉटेलातून निघालेला माल होता. गृहस्थाने फाटक्या लेबलाची प्रत्येक बाटली परत केली. रॉकेल ठेवायला बाटली घेणारा माणूस कागद बघत नाही, हे त्या व्यापाऱ्याच्याही लक्षात आले होते. वर्णन विचारले तर ते कारभाऱ्याचे निघाले.

मी कारभाऱ्याला ठाण्यात बोलावून बसवले. पोलिसाने बोलण्यापेक्षा ऐकावे, गोड बोलणाऱ्याला तर बोलूच द्यावे. आबदार म्हणाला होता, की तो आठ दिवस तापाने पडला तेव्हा किल्ली याच्याकडे होती; ते याने नाकारले. बाटल्यांचे वर्णन विचारले तर लेबलाचा रंग, कडेची नक्षी, छापलेले साल, सगळे घडाघडा सांगितले. मोहोर लावण्यापूर्वी हे तुम्ही स्वतः पाहिले का, मी विचारले. स्वतःच्या डोळ्यांनी, तो म्हणाला. तेव्हा मला कळले, की चोरी करीपर्यंत हा माणूस कधी त्या वाळूकडे वाकलाच नव्हता. त्याला वाइन माहीत होती ती कचेरीतल्या कागदावरून. चोरी करताना त्याने उघड्याबोडक्या बाटल्या पाहिल्या असतील तेव्हा तो चरकला असेल, आणि मग पंचनाम्याबरहुकूम माल उभा केला. माझ्या पंचनाम्याबरहुकूम!

मी गळकी बाटली टेबलावर ठेवली. त्याचा चेहरा उतरला, पण तो सावरला. किंचित हसून म्हणाला, “अमीनसाहेब, लेबलं होती असं कागदावर आहे. सही आपलीच आहे ना?”

नोकरीला चार वर्षे झालेली. नवे सरकार जुन्या अंमलदारांना चाळून घेत होते. एका शब्दावर घरी बसलो असतो. हे सगळे त्याने हिशेबात धरले होते.

“सही माझीच आहे,” मी म्हणालो. “मी न पाहता केली. कोर्टात तसंच सांगणार आहे.”

त्याची पाचावर धारण बसली. बेगम बाजारचा व्यापारी समोर आणल्यावर उरलेसुरले अवसानही गेले. त्याने माल विकला होता त्या सिकंदराबादेतल्या बंगल्यातून खऱ्या बाटल्या निघाल्या, चुन्याच्या पट्ट्यांसकट. दोन मात्र पिऊन संपल्या होत्या.

कोर्टात मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून सांगितले, की तो पंचनामा मी खुर्चीत बसून, सरबत पीत, ऐकीव लिहिला. कोर्टात वकील हसले. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी खात्री करण्यासाठी एक खरी आणि एक खोटी बाटली उघडायला सांगितली. आबदाराने ओली मलमल मागून घेतली. थेंबही न सांडता दोन पेले भरले आणि खऱ्या बाटलीचे बूच मॅजिस्ट्रेटांपुढे ठेवले. पेल्यांची जागा त्याच्या पाठीमागे बदलली, तेव्हा दोन्हींवर नुसते नाक नेऊन त्याने खरा पेला पुढे सरकवला. तुम्ही पीत नाही तर ओळखता कसे, मॅजिस्ट्रेटांनी विचारले.

“हुजूर, पीने वाले तो भूल जाते,” म्हातारा म्हणाला. “मैं चालीस बरस होश में खडा था.”

तो सुटला. मेहमानखान्याने त्याला मानाने परत बोलावले.

आठवड्याने तो ठाण्यात आला. मला वाटले आभार मानायला आला असेल. आभार नव्हते, तक्रार होती. कोर्टाने मला सोडले, पण दप्तरात माझ्या बाटल्यांवर अजून लेबले आहेत, म्हणाला. ते बरोबर करा. मग मी वरिष्ठांची परवानगी काढली, त्याच्याबरोबर वाळूत मांडी घालून बसलो आणि परत आलेली प्रत्येक बाटली हातात घेऊन लिहिली. त्याने प्रत्येक ओळ वाचून घेतली, दोन ठिकाणी मला दुरुस्त केले, आणि मगच मी सही केली.

त्या साक्षीबद्दल माझ्या सेवापुस्तकात शेरा बसला: ‘या अंमलदाराने प्रत्यक्ष न पाहता पंचनामा केल्याची स्वतः कबुली दिली आहे.’ बढती तीन वर्षे अडली. पुढे एका वरिष्ठाने सांगितले, अर्ज कर, शेरा काढून टाकू. मी अर्ज केला नाही. पदके मला मिळाली, ती कपाटात आहेत. शेवटची काही वर्षे नव्या फौजदारांना शिकवायला होतो, तेव्हा पहिल्या तासाला मी सेवापुस्तकाचे ते पान उघडायचो आणि शेरा खणखणीत आवाजात वाचून दाखवायचो. वाचून झाले की त्यांना सांगायचो, हा माझा आहे.