पट्टीनं सरकवलेला पाय

आज सकाळी पाय मुरगळला म्हणून भिवंडीत घोट्याचा एक्स-रे काढायला गेलो. तिथल्या मुलीनं माझी टाच तळहातात धरली आणि पाय हलकेच आत वळवला. "काका, असंच ठेवा. घोट्याच्या दोन्ही बाजू नीट दिसायला हव्यात."

घरी येऊन आपला गावाकडचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला, तर आपल्या जुन्या डॉक्टरसाहेबांची पुण्यतिथी. खाली रांगच लागलेली, "देवमाणूस!"

ह्याच देवमाणसानं नव्वदच्या सुमारास माझ्या आईच्या घोट्याचा एक्स-रे काढला होता. आम्ही पाड्यावरची माणसं. साहेबांनी तिच्या पायाला हात लावला नाही. लाकडी पट्टीनं ढकलला, तो तसाच बाहेर वळलेला राहिला.

"डाक्तर, लय दुखत हाय."

"नाटकं नकोत. काही मोडलेलं नाही."

मोडलं होतं. वाकड्या फोटोत दिसलं नाही, ते पुढे ठाण्यात कळलं. तोवर हाड तसंच जुळलेलं. आई मरेपर्यंत लंगडली.

त्याच टेबलावर पॉवरलूमवाल्या शेठचे मोजे मात्र साहेब स्वतः काढायचे, तेही हसत हसत.

वाहा की फुलं, माझं काय जातंय! फक्त एवढं सांगा, तुमचा पाय त्यांनी हातानं धरला होता, की पट्टीनं सरकवला होता?