ताईच्या उत्तराला लागणारा वेळ

माझ्या भावोजींना मी सावकाशराव म्हणते. तोंडावर म्हणते, आणि ते त्यावर सावकाश हसतात. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. गेम खेळणारी कॉलेजातली पोरं मशीनचा वेग वाढवून मागायला आली, की भावोजी त्यांना स्टुलावर बसवून प्रोसेसर तापला तर काय काय होतं ते इतकं समजावून सांगायचे की पोरं काढता पाय घ्यायची. "कारखान्याने ठरवल्यापेक्षा जास्त पळवता येतं रे," ते म्हणायचे, "पण एवढी घाई कसली?" मला अशा माणसांचा राग येतो. जेवताना मीठ मागितलं तर हे आधी बरणी पुसणार.

माझी ताई अगदी उलट. भावोजी एखादा किस्सा सांगायला लागले की शेवट हीच सांगून मोकळी. समोरच्याचं बोलणं एका टोल्यात मधेच तोडण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे, आणि ज्याला तोडलं तोच सगळ्यात जास्त हसायचा. दृष्टी नसलेल्यांना ऐकता यावीत म्हणून ती एका वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. नंतर त्या घरातली शांतता मला सोसवायची नाही. मी जायचे, दोघींच्या वाटचं एकटीच बोलायचे आणि घरी येऊन रडायचे.

दूर राहणाऱ्या तिच्या लेकीने यावर तोड काढली. त्या जुन्या रेकॉर्डिंगवरून ताईचा आवाज तयार करणारा प्रोग्रॅम तिने घरच्या डेस्कटॉपवर बसवून दिला. ताईने टाइप करायचं आणि संगणकाने ते तिच्याच आवाजात बोलायचं. पहिल्यांदा स्पीकरमधून ताई बोलली तेव्हा मी आणि ती गळ्यात गळा घालून रडलो. भावोजी स्पीकरची वायर तपासत राहिले.

पण मशीन म्हातारं. ताईची बोटं झरझर चालायची आणि मशीन आपलं विचार करत बसायचं. मी भाजीवाल्याचं गाऱ्हाणं संपवून माझ्या गुडघेदुखीवर आलेली असायचे, तेव्हा ताईचा भाजीवाल्यावरचा विनोद यायचा. त्यावर कोण हसणार? हसलो तरी उगाच, तिला बरं वाटावं म्हणून, आणि ते तिला लगेच कळायचं. हळूहळू ती 'हो' आणि 'नाही'वर आली. मग नुसती मान हलवायला लागली. आवाज परत मिळूनही ताई आमच्यात असून नसल्यासारखी झाली, आणि मला त्याची भीती वाटायला लागली.

"इंटरनेटवरून कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या मशीनवर चालवा ना तो प्रोग्रॅम," मी म्हटलं. आपला आवाज परक्यांच्या हवाली करायला ताई तयार नव्हती. "मग नवा संगणक आणा."

"आणू की," भावोजी म्हणाले. "आधी यात किती दम आहे ते तरी बघू."

आणि जन्मभर दुसऱ्यांना नको म्हणणाऱ्या या माणसाने स्वतःच्या घरात ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसरला ठरल्यापेक्षा जास्त पळवायला, हात घातला. कसा? तर ताईच्या आवाजाच्या सगळ्या फाइली आधी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवल्या. मग धूळ झाडली. प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली, त्यावर मोठ्या पंख्याचा कूलर बसवला. मला वाटलं, चला, आता तरी वेग वाढेल. "आज फक्त तापमान बघायचं," म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

पुढे वेग एका पायरीने वाढवायचा आणि प्रोसेसरला दिवसभर राबवणारा चाचणीचा प्रोग्रॅम लावून आकड्यांकडे बघत बसायचं. निभावलं तर पुढची पायरी. व्होल्टेज वाढवावं लागलं तर एवढंसं, तेही जिवावर आल्यासारखं. शेवटी एका पायरीवर मशीन हँग झालं, तसे ते एक पायरी मागे आले, तिथेच थांबले आणि पुन्हा दिवसभर चाचणी लावली. पास.

ताईचं उत्तर आता पटकन यायला लागलं. मी मुद्दाम गेले. माझ्या नवऱ्याने पडदे उलटे कसे लावले ते सांगत होते. ताईच्या डोळ्यांत जुनी चमक आली, बोटं धावली, आवाज आला, "त्याला म्हणावं, आता घरच उल..." आणि शब्दाच्या मध्यावर तुटला. स्क्रीन गोठली. ताईने हात मांडीवर ठेवले. मग उठून आत गेली. त्यानंतर ती मशीनपाशी फिरकेना.

भावोजींनी पुन्हा चाचणी लावली. पास. पुन्हा लावली. पास. "मशीनमध्ये तर काहीच दोष दिसत नाही," ते म्हणाले, आणि माझं डोकं फिरलं.

"खड्ड्यात गेली तुमची चाचणी! सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग राबते ती. ताई कधी अशी सलग बोलली आहे का? ती गप्प बसून ऐकते आणि मधेच फाडकन तोडते. एवढी वर्षं संसार केलात, हेही कळलं नाही?"

भावोजींनी चालू असलेली चाचणी बंद केली. जास्तच बोलले की काय, असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी माझ्यासारखी चाचणी घेतली. तिच्यासारखी घ्यायला हवी होती."

मला नंतर त्यांनी समजावलं. सतत कामात असलेला प्रोसेसर एका लयीत असतो. शांत बसलेल्याला अचानक कामाला जुंपलं की व्होल्टेज क्षणभर डळमळतं, आणि त्याच क्षणी हे मशीन कोसळत होतं. त्यांनी वेग आणखी एक पायरी उतरवला, त्या झटक्याला व्होल्टेज टिकून राहील अशी सोय केली आणि तापमान पुन्हा पाहिलं. उरलेली चाचणी मात्र त्यांच्या हातात नव्हती.

ते ताईच्या दारात जाऊन उभे राहिले. "जरा बाहेर येतेस? माझ्याशी भांडायचंय."

ताईने नाही म्हणून मान हलवली.

"बंद पडलं तर मी परत दुरुस्त करीन. परत पडलं तर परत करीन. पण तू आली नाहीस तर मला कळणार कसं?"

ताई आली. मग रोज दुपारी भावोजी तिच्यासमोर बसून काहीबाही बोलायचे आणि ताई गप्प राहून मधेच तोफ डागायची. त्यांचं घोरणं, त्यांचे मित्र, लग्नात घातलेला तो ढगळ कोट, काही सोडलं नाही. भावोजींचा एक डोळा तापमानाच्या आकड्यावर. मशीन काही कोसळलं नाही.

मी पुन्हा गेले तेव्हा बोलता बोलता ऑपरेशनचा विषय निघाला. "सगळे घाबरले होते," भावोजी मला सांगत होते, "मी मात्र अगदी शांत होतो. म्हटलं, जीव वाचला ना, मग आवाजाचं काय एवढं. मी आपला बाकावर बसून..."

"खोटं," ताईचा आवाज आला. "भूल उतरताना सगळं ऐकलंय मी. कॉटला डोकं टेकून हुंदके देत होतात. म्हणत होतात, आता मला मधेच कोण थांबवणार?"

भावोजी थांबले.